विमानाला छप्पर हवं

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ या लढाऊ विमानांनी हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ साली या विमानांची पहिली तुकडी याच शहरात उभी राहिली होती. बासष्ट वर्षांची सेवा संपली, आणि तेव्हापासून आम्हा विमानवेड्यांच्या बोलण्यात एकच विषय आहे: आता या विमानांचं होणार काय? काही भंगारात जातील, काही संस्थांना आणि राज्यांना दिली जातील. आपल्याकडची रीत पाहता त्यातली बरीचशी कुठल्या ना कुठल्या चौकात सिमेंटच्या खांबावर चढतील. नारळ फुटेल, फीत कापली जाईल, आणि पुढचे सगळे पावसाळे ते विमान एकटंच काढेल.

माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्रात यापुढे एकही विमान चौकात लावू नये. घ्यायचं असेल तर छपराखाली घ्यावं. पहिलं घ्यावं ते नाशिकजवळच्या ओझरला, आणि ज्यांनी ते बांधलं त्या कामगारांसकट घ्यावं. हवाई कसरतींसाठी आपण जेवढी धावपळ करतो, तिचा थोडा वाटा जरी इकडे वळला तरी हे काम होईल.

चौकातलं विमान जवळ जाऊन कधी पाहिलंय? मी जिथे जातो तिथे पाहतो. एका शहरातलं आठवतं. इंजिनाला हवा पुरवणाऱ्या तोंडावर पत्रा ठोकलेला, पक्षी आत शिरू नयेत म्हणून. पुढच्या चाकाच्या दांड्याला नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. काचेचं झाकण पिवळट, त्यावर बारीक भेगांचं जाळं. पंखाखाली मान वर करून पाहिलं तर रिव्हेटांच्या रांगेला समांतर पांढरी भुकटी आलेली. रंग मात्र ताजा होता. वर्षातून एकदा तो मारला जातो, आणि तीच त्या विमानाची सगळी देखभाल.

ती पांढरी भुकटी म्हणजे विमानाचा गंज. लोखंडासारखा तो तांबडा नसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. विमानाचं अंग बहुतांशी अॅल्युमिनियममध्ये तांबं मिसळून केलेल्या मिश्रधातूचं असतं. तांब्यामुळे त्याला ताकद येते, पण गंजाला तोंड देण्याची क्षमता कमी होते. म्हणून पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर चढवतात आणि त्यावर रंग देतात. विमान सेवेत असताना ते नियमित धुतलं जातं, पाणी निचरायची भोकं मोकळी ठेवली जातात, कुठे ओरखडा दिसला तर तिथल्या तिथे झाकला जातो. खांबावर चढलं की हे सगळं बंद. पोलादी बोल्ट आणि अॅल्युमिनियमचा पत्रा जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओलावा शिरतो, त्यात समुद्राचं मीठ असलं तर विचारायलाच नको, आणि अॅल्युमिनियम झिजू लागतं. पत्रा आतल्या आत पापुद्र्यांनी सुटत जातो. वरून रंगाचा हात फिरला की फोटोत विमान छान दिसतं. पंधरा-वीस वर्षांनी कुणीतरी ते उतरवायला जातं तेव्हा कळतं की उतरवण्यासारखं फारसं उरलेलंच नाही.

शिवाय खांबावरचं विमान काही सांगत नाही. मिग-२१च्या नाकात एक शंकू असतो. वेग वाढला की तो पुढे सरकतो, कमी झाला की मागे येतो, आणि आवाजापेक्षा वेगाने येणारी हवा इंजिनाला सोसेल अशी करून आत सोडतो. रडारही त्याच शंकूत बसवलेलं. एवढ्या अरुंद नळकांड्यात इंजिन, इंधन, शस्त्रं आणि माणूस कसा बसवला हे कोणत्याही दहावीच्या मुलाला अर्ध्या तासात दाखवता येईल, पण त्यासाठी विमान हाताच्या अंतरावर हवं. त्याची एक बाजू कापून आतलं दिसायला हवं. ते डोक्यावर पंचवीस फुटांवर टांगलं तर त्याचा पुतळा होतो. पुतळे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आता ओझर. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा (एचएएल) मिग कारखाना तिथे सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी यशवंतराव नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले होते. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. आधी रशियातून आलेले सुटे भाग जोडायचे, मग हळूहळू कच्च्या मालापासून सगळं इथेच करायचं, असा क्रम होता. द्राक्षं आणि कांदा पिकवणाऱ्या निफाड-दिंडोरीकडच्या घरांतली मुलं आयटीआय करून तिथे फिटर, टर्नर, वेल्डर म्हणून लागली आणि आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान बांधू लागली. देशात सहाशेहून अधिक मिग-२१ बांधली गेली. त्यानंतर तिथे मिग-२७ झालं, सुखोई-३० झालं, आणि १७ ऑक्टोबर २०२५ला नाशिकच्या जुळणी केंद्रातून तेजस मार्क-१ए हे भारतीय लढाऊ विमान उडालं.

विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात याच्या तोडीची प्रकरणं फार थोडी आहेत. मुंबईच्या कापडगिरण्यांवर आपण भरभरून लिहिलं, साखर कारखान्यांवर लिहिलं. ओझरच्या कामगाराने काय केलं ते त्याच्या घरच्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. कारखाना संरक्षण खात्याचा, तिथे सहज कुणाला आत सोडणार नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण मिग-२१मध्ये आता गुपित असं काय राहिलं? जगभरच्या संग्रहालयांत ती उभी आहेत. कुंपणाबाहेर, हमरस्त्यालगत एक शेड उभारून त्यात एक संपूर्ण विमान, एक कापून उघडं केलेलं विमान, एक इंजिन, आणि ज्या साच्यांवर पत्रे बसवून जोडले जात ते काही जिग ठेवता येतील. जिग तर मला विमानाइतकेच महत्त्वाचे वाटतात, कारण विमान कुणी उडवलं याची नोंद असते, कुणी जोडलं याची नसते.

अशा गोष्टी आपण जपल्या नाहीत तर दुसरे जपतात, याचं उदाहरण आपल्याच घरचं आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन बनावटीची लिबरेटर ही अवजड बॉम्बफेकी विमानं कानपूरच्या तळावर मोडून टाकून दिलेली होती. पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडलेली. बंगळूरच्या एचएएलच्या माणसांनी त्यातली डझनावारी विमानं जोडून उडती केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. तोवर इतर देशांनी आपापली लिबरेटर कधीच वितळवून टाकली होती. मग सगळ्यांना भारत आठवला. ब्रिटिश हवाई दलाच्या (आरएएफ) म्युझियममधलं लिबरेटर भारतातून गेलं, कॅनडातलं भारतातून गेलं, अॅरिझोनातल्या पिमा संग्रहालयातलंही भारतातूनच गेलं. एक आपण दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात ठेवलं, आणि त्याबद्दल त्या वेळच्या अधिकाऱ्यांचे आभारच मानायला हवेत. १९६७ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयात वेस्टलँड वापिटी आहे. १९३३ साली हवाई दलाच्या पहिल्या तुकडीला याच जातीची विमानं मिळाली होती. जगात आज शिल्लक असलेलं हे एकमेव अख्खं वापिटी. ते टिकलं, कारण ते छपराखाली आहे.

महाराष्ट्राची या बाबतीतली कामगिरी मात्र वाईट आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आयएनएस विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त झाली. १९७१च्या युद्धात तिच्या डेकवरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले होते. मुंबईत ती संग्रहालय म्हणून राहिली. कित्येक शाळांच्या सहली तिच्या डेकवरून फिरल्या. डेकवरची विमानं उचलून खाली हँगरमध्ये नेणारी लिफ्ट त्या मुलांनी डोळ्यांनी पाहिली. २०१२ साली ती सुरक्षिततेच्या कारणाने बंद झाली, राज्य सरकारने खर्च झेपत नसल्याचं सांगितलं, प्रकरण न्यायालयांपर्यंत गेलं, आणि सुमारे साठ कोटी रुपयांना ती भंगारात विकली गेली. २०१४च्या अखेरीस मुंबईतल्या दारूखाना इथल्या जहाजतोडणीच्या जागी तिच्यावर गॅस कटर चालले. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे मोटारसायकलींच्या टाक्यांत गेला आणि त्याचीही जाहिरात झाली.

विराट या दुसऱ्या विमानवाहू जहाजाच्या वेळी तरी शहाणपण येईल असं वाटलं होतं. मार्च २०१७ मध्ये ती निवृत्त झाली. २०१८ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात तिचं संग्रहालय करायची ८५२ कोटींची योजना मंजूर केली. त्यात काय नव्हतं! पाणबुडे, पर्यटन, साहसी खेळ, सगळं. सप्टेंबर २०२०मध्ये विराटला ओढत गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्यावर नेलं आणि तोडलं.

या दोन्ही जहाजांनी मला एक गोष्ट शिकवली. आपल्या योजना पैशाअभावी मरतात हे अर्धंच खरं. त्या आपल्या आकारानेही मरतात. आठशे कोटींच्या आराखड्याला गुंतवणूकदार लागतो, त्याला परतावा लागतो, परताव्यासाठी हॉटेल लागतं, आणि या सगळ्यात मूळ वस्तू गंजत राहते. विमानवाहू जहाज सांभाळणं खरोखरच महाग आहे, हे मान्य. पण मिग-२१ची लांबी जेमतेम पंधरा मीटर, पंखांचा विस्तार सात मीटरच्या आसपास. गावच्या मंगल कार्यालयात मावेल एवढं ते विमान. त्याला आंतरराष्ट्रीय दर्जाचं थीम पार्क नको आहे. पत्र्याची चांगली शेड, कोरडी जमीन, वारा खेळता ठेवायची सोय आणि वर्षाकाठी पगार मिळणारी चार माणसं एवढंच त्याला लागतं.

दुसरीकडे आपण काय करतो? एअर शो करतो. गैरसमज नको, मला हवाई कसरती मनापासून आवडतात. हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरतपथकाची नऊ हॉक विमानं एकमेकांच्या पंखांपासून काही मीटरवर राहून एकत्र वळतात तेव्हा पोटात गोळा येतो, दरवेळी येतो. सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं तर समोरासमोर येऊन अशी निसटतात की श्वास रोखला जातो. जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाने प्रात्यक्षिकं केली तेव्हा कठड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पालकांनी मुलांना खांद्यावर घेतलं होतं. या माणसांना विमानांबद्दल कुतूहल नाही असं कोण म्हणेल?

पण त्या कुतूहलाचं पुढे काय होतं? संध्याकाळी सगळे लोकल पकडून घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने बाबांना विचारलं की हे विमान आतून कसं असतं, तर मुंबईत त्याला दाखवायला जागा किती? वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत हे एक जुनं भारतीय लढाऊ विमान आहे. त्यापुढे थेट गोवा. दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर १९९८ साली सुरू झालेलं नौदलाचं विमान संग्रहालय, जिथे तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. एअर इंडियाने या जातीच्या आपल्या विमानांना ‘रानी ऑफ झाँसी’, ‘रानी ऑफ एलोरा’ अशी नावं दिली होती. पुढे ती हवाई दलाकडे आली, काही काळ पुण्याहून उडाली, आणि १९७६ साली नौदलाकडे जाऊन समुद्रावर पहारा देऊ लागली. गोव्याला गेलात तर समुद्रकिनाऱ्यातला एक तास काढून तिथे जाच.

त्यात गर्दीचा प्रश्न आहे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या वर्धापनदिनाची प्रात्यक्षिकं झाली. भर दुपारी, उन्हात, लाखो लोक. परतताना रस्ते आणि स्टेशनं तुंबली, आणि त्या दिवशी पाच माणसं दगावली. विमानांत काहीही बिघाड नव्हता. पाणी, सावली आणि परतीचा रस्ता कमी पडला. गर्दीचा विक्रम करण्याची हौस आयोजकांनी सोडली पाहिजे. दोन दिवसांत विभागून, सकाळच्या वेळी, नोंदणी करून लोकांना बोलावलं तर आनंद काही कमी होत नाही.

वैमानिकांचं मोलही विसरता येत नाही. १९ फेब्रुवारी २०१९ला बंगळूरजवळ येलहंका इथे, एरो इंडिया हे विमान प्रदर्शन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांना धडकली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. २१ नोव्हेंबर २०२५ला दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले. १९८८ साली जर्मनीत रामस्टाइनला इटलीच्या कसरतपटूंची विमानं हवेत आदळून एक प्रेक्षकांत पडलं आणि सत्तर माणसं मेली. त्यानंतर प्रेक्षकांच्या दिशेने विमान न आणण्याचे नियम कडक झाले. म्हणून कसरती बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्यांना त्या करायच्या आहेत ते धोका ओळखून करतात. पण एका दुपारसाठी जिवाची एवढी बाजी लावली जात असेल, तर त्या दुपारनंतर काहीतरी उरलं पाहिजे. जुनी विमानं उडवावीत का, या वादातही माझं मत असंच आहे. टायगर मॉथ ही जुनी प्रशिक्षण विमानं हजारोंनी बनली होती, ती खुशाल उडवा. पण जगात एकच उरलेलं वापिटी कधीही उडवू नये. २०२२ साली अमेरिकेत डल्लासला महायुद्धकालीन दोन विमानं एकमेकांवर आदळली, सहा माणसं गेली आणि दोन्ही विमानंही गेली.

संग्रहालयाचं खरं काम आकाशातल्या कसरतींना जमतच नाही. ते म्हणजे अपयश सांगणं. वरळीचं ते मारुत घ्या. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली बंगळूरला आखलेलं हे भारतातच विकसित झालेलं पहिलं लढाऊ जेट. १७ जून १९६१ला विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं, आणि १९७० साली त्याच्याच सुधारित रूपाची चाचणी घेताना ते गेले. विमानाचा सांगाडा उत्तम होता, पण ज्या इंजिनाच्या भरवशावर तो आखला ते इंजिन मिळालंच नाही. ब्रिटिश कंपनी विकासाचा खर्च मागत होती, आपण तो दिला नाही, आणि आहे त्या कमी ताकदीच्या इंजिनावर भागवलं. १४७ मारुत बांधून प्रकल्प संपला. आज तेजस मार्क-१ए उशिरा मिळतंय त्यात अमेरिकन इंजिनांच्या रखडलेल्या पुरवठ्याचा मोठा वाटा आहे. साठ वर्षांच्या अंतराने तोच धडा आहे, आणि तो संग्रहालयात मारुतच्या शेजारी उभं राहून पाच मिनिटांत कळू शकतो. ज्या समाजाला हे कळतं तो संरक्षणाच्या खर्चावर नुसत्या घोषणा ऐकून गप्प बसत नाही.

मिग-२१च्या बाबतीत हे आणखी अवघड आहे, कारण त्याच्या अपघातांत आपले किती तरी वैमानिक गेले. २००१ साली फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१च्या अपघातात गेले. दोष वैमानिकावर ढकलला जातोय असं दिसल्यावर त्यांच्या आई कविता गाडगीळ वर्षानुवर्षं लढल्या. ओझरच्या शेडमध्ये १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर मिग-२१नी केलेल्या हल्ल्याचा फोटो लागेल, लागलाच पाहिजे. त्याच भिंतीवर त्या आईच्या लढ्यालाही जागा हवी. कामगारांनी अभिमानाने बांधलेलं यंत्र, ते इतकी वर्षं ताणून वापरण्याची वेळ आणणारे निर्णय, आणि त्याची किंमत मोजणारी घरं, हे सगळं एकत्र सांगितलं तरच त्या विमानाला न्याय मिळेल.

आणि खरं जपलं नाही की कल्पित डोकं वर काढतं. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा अजून दरवर्षी फिरते. तिला विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. वैमानिकशास्त्र म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ग्रंथातली विमानं उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच मांडला. त्याच मुंबईत १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची पोती घेऊन जुहूला उतरले. याला पुरावा आहे, जागा आहे, धावपट्टी अजून आहे. तळपद्यांची गोष्ट ज्याला पाठ आहे अशा मुलाला जुहूची सांगून बघा, बहुधा त्याने ती ऐकलेलीच नसते.

हे सगळं अशक्य नाही, याचे दाखले आहेत. चंडीगडच्या प्रशासनाने हवाई दलाशी करार करून शहरातच वारसा केंद्र उभारलं, मे २०२३मध्ये ते सुरूही झालं. विशाखापट्टणमने निवृत्त झालेलं टीयू-१४२ हे अजस्र विमान सुटं करून आणलं, किनाऱ्यावर पुन्हा जोडलं आणि निवृत्तीच्या वर्षातच लोकांसाठी खुलं केलं. खाऱ्या वाऱ्यात ते किती टिकेल याची मला काळजी आहे, पण लोक त्याच्या पोटातून चालत जातात, हे मोलाचं आहे. चंडीगड आपल्या मानाने केवढंसं. त्यांना जमलं ते महाराष्ट्राला का जमू नये?

रुग्णालयं आणि शाळा सोडून विमानांवर पैसे कशाला, हा आक्षेप येणारच. चौकातल्या खांबाला, रोषणाईला आणि उद्घाटनाच्या मांडवालाही पैसे लागतातच. मी तेच पैसे मागतोय, जोडीला थोडी जमीन आणि आयटीआयच्या मुलांचे हात. अॅल्युमिनियमचा गंज काढणं, रिव्हेट बदलणं, हायड्रॉलिकच्या नळ्या जोडणं हे त्यांच्या अभ्यासाचंच काम आहे.

तेव्हा राज्य सरकारने आताच, विमानांचं वाटप व्हायच्या आत, हवाई दलाकडे दोन मिग-२१ मागावीत आणि मागणीपत्रातच छपराची अट स्वतःहून लिहावी. शेड व्हायला वेळ लागेल. एक काम मात्र त्याच्याही आधी सुरू करायला हवं. १९६०च्या दशकात विशीत ओझरला लागलेला फिटर आज ऐंशीच्या घरात आहे किंवा ती ओलांडून पुढे गेला आहे. रशियन आराखड्यावरून पहिला पत्रा कसा बसवला, कुठे चुकलं, कुणी सुधारलं, हे त्यालाच माहीत आहे. त्याच्याकडे जायला टेंडर लागत नाही. नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाने चार विद्यार्थी आणि एक रेकॉर्डर घेऊन या उन्हाळ्यात सुरुवात केली तरी चालेल.